एक कप बदाम म्हणजे किती ग्रॅम? आकडा दर वेळी का चुकतो

रेसिपीत 'दोन कप बदाम पूड' लिहिलं होतं. घरात डिजिटल काटा होता, म्हणून म्हटलं कपाच्या भानगडीत पडायचंच कशाला. एक कप बदाम म्हणजे १४३ ग्रॅम हा आकडा सगळीकडे सापडतो. त्याला दोनने गुणलं आणि २८६ ग्रॅम पूड घातली. केक वरून छान तांबूस झाला, पण मधोमध सुरी घातली तर ओला गोळा चिकटून वर आला आणि तळाच्या कागदावर तेलाचा डाग पसरलेला. खापर ओव्हनवर फोडलं. पुढच्या खेपेला दहा मिनिटं जास्त ठेवला, तर कडा करपल्या आणि मधला भाग जिथल्या तिथे. तिसऱ्या खेपेला डोक्यात प्रकाश पडला: १४३ हा आकडा अख्ख्या बदामांचा आहे. पुडीचा कप ९५ ग्रॅमच्या आसपास भरतो. हवी होती १९० ग्रॅम, घातली २८६. म्हणजे एक अख्खा कप पूड जादा.

हा घोळ एकदा निस्तरला की संपतो असंही नाही. पुढच्या रेसिपीत अक्रोड येतात, त्यानंतर कोणी औंस लिहितं, मग घरातला कप फुटून नवा येतो, आणि आकडे पुन्हा बिनसतात. म्हणून 'एक कप = अमुक ग्रॅम' असं पाठ करण्यापेक्षा चूक नेमकी कुठे होते ते ओळखायला शिकलेलं बरं.

कपात जवळजवळ निम्मी हवा

कप हे जागेचं माप, ग्रॅम हे वजनाचं. पाण्याच्या बाबतीत दोन्ही आकडे जवळपास एकच येतात, १०० मिली पाणी म्हणजे १०० ग्रॅम, आणि त्यामुळेच आपली सवय बिघडते. बदाम पाण्यासारखे कपात पसरत नाहीत. एकमेकांवर आडवेतिडवे पडतात आणि मधल्या फटींत हवा राहते.

खात्री करायची असेल तर हे करून पाहा. २३७ मिलीचा कप अख्ख्या बदामांनी काठापर्यंत भरा. मापाच्या भांड्यात पाणी घ्या आणि ते कपात हळूहळू ओता, काठाला लागेपर्यंत. साधारण १०० मिली पाणी आत मावतं. इतकी जागा मघाशी रिकामी होती आणि तरी कप 'भरलेला' दिसत होता. (बदाम लगेच उपसून कोरडे करा, नाहीतर पाणी पिऊन त्यांचं वजन वाढतं आणि पुढची सगळी मोजणी वाया जाते.)

हीच गोष्ट बदाम बटरकडे पाहूनही कळते. बटरमध्ये फट राहत नाही, म्हणून त्याचा एक कप २५० ग्रॅमच्या आसपास भरतो. बदाम तेच, कपही तोच, पण वजन पावणेदोन पट. एक कप बटर करायला एक कप बदाम मिक्सरमध्ये घालणारा माणूस बरणी अर्धवट भरलेली पाहून चक्रावतो. बटर कुठे सांडलेलं नसतं. बदाम पावणेदोन कप घ्यायला हवे होते.

तर खरा प्रश्न 'बदामाचा एक कप किती ग्रॅम' हा नाहीच. कप भरला तेव्हा बदाम कोणत्या रूपात होते, हा आहे.

आधी चूक मोजा

रेसिपीत सांगितलंय त्या रूपात नट्स कपात भरा, तोला, आणि तुम्ही ज्या आकड्यावर विसंबला होतात त्याला या वजनाने भागा. भागाकार किती येतो त्यावरून चोर बहुतेक वेळा सापडतो.

१.६ किंवा त्याहून जास्त आला, तर मिलीला ग्रॅम समजलं गेलंय. 'एक कप = २३७' असं कुठेतरी वाचलेलं असतं, ते मिली असतात हे लक्षात राहत नाही. याचाच जुळा भाऊ म्हणजे औंस. अमेरिकी कपात ८ फ्लुइड औंस मावतात, पण फ्लुइड औंस हे जागेचं माप आहे. नुसता औंस वजनाचा, २८.३५ ग्रॅमचा. त्यामुळे '१ कप = ८ औंस = २२७ ग्रॅम' ही साखळी पाण्यापुरती चालते, बदामांना लावली की दीडपटीहून जास्त बदाम पडतात आणि पुडीला लावली तर जवळजवळ अडीचपट पूड. रेसिपीत 'कप चिरलेले अक्रोड (४ औंस)' असं दोन्ही दिलेलं असेल तर तो औंस वजनाचाच समजा. ४ औंस म्हणजे ११३ ग्रॅम, आणि चिरलेल्या अक्रोडाचा एक कप तेवढ्याच आसपास भरतो.

१.५ च्या जवळ आला तर रूपाचा घोळ, माझ्या केकसारखा. अख्ख्याचा आकडा पुडीला किंवा कापांना लावला गेलाय.

दुप्पट आला आणि तुमचा आकडा मिली-औंसाचा नव्हता, किंवा भागाकार न करताच पदार्थात नट्स दिसेनासे झालेत, तर कवच आठवा. तुम्ही कवचासकट तोललं आणि रेसिपीला हवा होता गर. अक्रोडाचा गर एकूण वजनाच्या निम्म्याहून थोडा कमी निघतो, पिस्त्याचा साधारण निम्मा, जाड कवचाच्या बदामाचा त्याहून कमी. इथे कोष्टकाच्या नादी न लागता फोडून गरच तोलावा.

१५-२० टक्क्यांचा फरक हाताचा असतो. शिगोशीग भरलेला कप आणि पट्टीने सपाट केलेला कप यांत एवढा फरक सहज पडतो. भरताना कप ओट्यावर दोनदा आपटला तरी काप आणि पूड खाली बसतात आणि वर नव्याने जागा होते. रेसिपीत वेगळं काही सांगितलं नसेल तर आपटायचं नाही, दाबायचं नाही, काठाशी सपाट करायचं.

आणि ५-६ टक्के? तो कपाचा फरक. अमेरिकी कप २३७ मिलीचा (पाकिटांवरच्या पोषणमूल्यांसाठी तो २४० धरतात), मेट्रिक कप २५० चा. कुकीजमध्ये एवढ्याने काहीही बिघडत नाही, सोडून द्या. मात्र जपानी कप २०० मिलीचा असतो आणि जुन्या ब्रिटिश रेसिपींतला कप अर्ध्या पाइंटचा, २८४ मिलीचा. ही दोन टोकं असतील तर हिशोब करावाच लागतो.

स्वल्पविराम कुठे आहे?

'एक कप चिरलेले अक्रोड' आणि 'एक कप अक्रोड, चिरून' या दोन वेगळ्या सूचना आहेत. पहिलीत आधी चिरायचं, मग कप भरायचा. दुसरीत अख्ख्या फोडींनी कप भरायचा आणि मग त्या चिरायच्या. जो शब्द स्वल्पविरामाच्या नंतर येतो ते काम मोजल्यानंतरचं.

यावर बहुतेक जण एक अंदाज बांधतात: चिरलं की तुकडे नीट बसतात, म्हणजे कपात जास्त मावतं. अक्रोडाला हे लागू पडतं. अमेरिकी कृषी खात्याच्या अन्न-कोष्टकात अक्रोडाच्या अर्ध्या फोडींचा कप १०० ग्रॅमचा आहे आणि चिरलेल्यांचा ११७ चा. फोड वेडीवाकडी, घड्या पडलेली. तिच्या पोटात हवा अडकते. चिरली की ती हवा निघून जाते. पण तेच कोष्टक हेझलनटला उलटं सांगतं, अख्खे १३५, चिरलेले ११५. हेझलनट मुळातच गोल आणि गुळगुळीत, अख्खे असतानाच छान रचले जातात. चिरल्यावर कोनाकोनाचे तुकडे एकमेकांना अडवून धरतात. म्हणजे स्वल्पविराम चुकीचा वाचला तर अक्रोडात एका बाजूला चूक होते आणि हेझलनटमध्ये दुसऱ्या बाजूला. 'चिरलेल्याला दहा टक्के वाढवायचे' असला सरसकट नियम म्हणूनच कामाचा नाही.

दळण्याचं मात्र सगळ्यांच्या बाबतीत एकच. भरड किंवा पूड केली की कणाकणांत हवा धरली जाते आणि कप हलका होतो. अक्रोडाची पूड ८० ग्रॅमवर येते, चिरलेल्यांच्या ११७ वरून. पूड जितकी चमच्याने भुरभुरत भराल तितकी हलकी, आणि कप डब्यात खुपसून भरलात तर तितकी जड. माझ्याच हाताने एकाच डब्यातून एकदा ९४ आणि एकदा ११३ ग्रॅम आले आहेत. पुडीसाठी कप वापरूच नये या मताचा मी तेव्हापासून आहे.

हाताशी ठेवायचे आकडे

२३७ मिलीच्या कपासाठी, सपाट भरलेला, न दाबता. सगळे आकडे गराचे:

बदाम: अख्खे १४३, उभ्या काड्या १०८, पातळ काप ९२, पूड ९५
अक्रोड: फोडी १००, चिरलेले ११७, पूड ८०
हेझलनट: अख्खे १३५, चिरलेले ११५, पूड ७५
पेकन: फोडी ९९, चिरलेले १०९
काजू (भाजलेले, अख्खे आणि पाकळ्या): १३७
शेंगदाणे, कच्चे: १४६
पिस्ते: १२३
मॅकाडेमिया: १३४
पाइन नट: १३५

कप २५० मिलीचा असेल तर प्रत्येक आकड्यात साधारण साडेपाच टक्के मिळवा: अख्खे बदाम १५१, पूड १००. हे आकडे म्हणजे काही शिलालेख नव्हेत. बदाम लहान चणीचे असतील तर कप थोडा जड भरतो, लांबट मोठे असतील तर हलका. पाच-सात ग्रॅम इकडेतिकडे झाले म्हणून पुन्हा मोजत बसू नये.

पाव-अर्धा कप मात्र सावधपणे. पाव कप चार वेळा भरला की एक कप व्हायला हवा, पण अख्ख्या नट्सचं तसं होत नाही. भांडं जितकं लहान तितकी भिंतीलगतची रिकामी जागा प्रमाणात जास्त, त्यामुळे चार पाव कप मिळून एका मोठ्या कपापेक्षा कमी भरतात. टेबलस्पूनने अख्खे बदाम मोजायला सांगणारी रेसिपी तर विनोदच. हिशोबाने टेबलस्पूनला ९ ग्रॅम येतात, म्हणजे सात-आठ बदाम, आणि चमच्यावर ते सपाट करून दाखवा पाहू. शिवाय टेबलस्पून सगळीकडे १५ मिलीचा असतो असंही नाही, ऑस्ट्रेलियात तो २० मिलीचा आहे.

इतक्या थोड्या मापाला सरळ नग मोजावेत. २८ ग्रॅममध्ये साधारण २३ बदाम बसतात, किंवा १८ काजू, किंवा अक्रोडाच्या १४ अर्ध्या फोडी, किंवा ४९ पिस्ते. म्हणजे बदाम सव्वा ग्रॅमच्या जरा आत आणि अक्रोडाची फोड दोन ग्रॅमची. दहा ग्रॅमच्या आत स्वस्तातल्या काट्यापेक्षा ही मोजणी जास्त भरवशाची.

मिसळलेल्या नट्सचा डबा

मिक्स नट्सच्या डब्यातून कप भरत असाल तर वरचा कप आणि तळाचा कप सारखे येणार नाहीत. डबा हलला की मोठे नट्स वर येतात आणि बारके खाली जातात. याला ब्राझील नट परिणाम म्हणतात, कारण ब्राझील नट आकाराने मोठा आणि डबा उघडला की नेहमी वरच दिसतो. मँचेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये डबा हलवत हलवत त्याची त्रिमितीय एक्स-रे चित्रं घेऊन हे होताना टिपलं: लांबट ब्राझील नट हलता हलता उभा होतो आणि शेंगदाणे त्याच्या खाली घसरत जातात. आपल्यापुरता अर्थ एवढाच, की डबा उलटसुलट न करता आधी परातीत ओता, हाताने मिसळा, मग मोजा.

काटाच फसवतोय का?

सगळं नीट केलं तरी आकडा विचित्र, असं झालं तर काट्याच्या पडद्यावर एकक पाहा. बऱ्याच काट्यांचं एकक बदलायचं बटण बोटाच्या चुकीच्या स्पर्शाने दबतं आणि 'ग्रॅम'चं 'औंस' किंवा 'मिली' होतं. औंस झालं तर लगेच कळतं, आकडा चमत्कारिक लहान दिसतो. मिली जास्त धोकादायक. काटा काही जागा मोजू शकत नाही, तो वजनच मोजतो आणि पदार्थ पाणी आहे असं धरून त्यालाच मिली म्हणतो. १४३ ग्रॅम बदामांना तो बेधडक १४३ मिली सांगेल, जे कपात २३७ मिली जागा व्यापून बसलेले असतात.

दुसरं, एकेक बदाम टाकत वजन वाढवू नका. शून्याच्या आसपास बारीकसारीक सरकणारा आकडा बरेच काटे आपोआप पुन्हा शून्यावर आणतात, त्यामुळे पहिले दोन-तीन बदाम हिशोबात धरलेच जात नाहीत. मूठभर एकदम टाका, मग नगाने वाढवा. काटा तपासायचा तर भांडं ठेवून शून्य करा आणि अर्धा लिटर पाणी मोजून ओता. ५०० च्या आसपास यायला हवा.

आपला कप एकदा तोलून ठेवा

काटा असेल तर हे दहा मिनिटांचं काम आहे आणि कोणत्याही कोष्टकापेक्षा उपयोगी. रिकामा कप काट्यावर ठेवून शून्य करा, काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम तितके मिली. माझ्या 'एक कप' लिहिलेल्या कपात २४६ निघाले. कप पूर्ण कोरडा करा. मग नेहमी लागणारे नट्स, ज्या रूपात लागतात त्या रूपात, तीनदा भरून तीनदा तोला आणि सरासरी काढा. बदामांना मला १४५, १५२, १४७ आले. मी १४८ लिहून ठेवले. दोन खेपांत वीस ग्रॅमचा फरक येत असेल तर भरायची पद्धत बदलतेय, पुन्हा करा.

रेसिपी पहिल्यांदा कपाने केली आणि जमली, तर दुसऱ्या वेळी कप भरल्यावर तो काट्यावरही ठेवावा आणि आलेले ग्रॅम रेसिपीतच लिहून टाकावेत. त्या रेसिपीपुरता रूपांतराचा प्रश्न तिथेच मिटला.

भाजलेले, भिजवलेले

भाजल्यावर बदामांचं वजन दोन-चार टक्क्यांनी घटतं, थोडं पाणी उडतं. आकार जवळपास तोच. याची चिंता करू नका. भिजवलेल्यांचं वेगळं: ते फुगतात आणि पाण्याने जड होतात, त्यामुळे कप आणि ग्रॅम दोन्ही खोटे पडतात. रेसिपीत 'भिजवून' म्हटलं असेल तर कोरडेच मोजावेत. साल काढायला गरम पाण्यात घातलेले बदामही पुन्हा वाळेपर्यंत तोलू नयेत.

उलट दिशेने: ग्रॅम दिलेत, काटा नाही

इथेही आधी रूप, मग भागाकार. २०० ग्रॅम अख्खे बदाम हवेत: २०० भागिले १४३, म्हणजे १.४ कप. अमेरिकी कपाने तो एक कप, एक तृतीयांश कप आणि वर एक टेबलस्पून. टेबलस्पूनभर बदाम मोजायचे नसतात हे वर सांगितलंच, त्या जागी सात-आठ नग टाका. २५० मिलीचा कप असेल तर एक आणि एक तृतीयांशात काम होतं. २०० ग्रॅम पूड हवी असेल तर २०० भागिले ९५, दोन कप आणि दीड-दोन टेबलस्पून.

बदाम घरीच दळणार असाल तर पूड कपाने मोजण्याची गरजच नाही. २०० ग्रॅम बदामांची पूड २०० ग्रॅमच होते, फार तर चमचाभर मिक्सरच्या भांड्याला चिकटून राहते. अख्खे १.४ कप मोजा आणि दळा. अख्खे बदाम कपात बरेच इमानदारीने भरतात, पूड नाही.

एवढी काटेकोर मोजणी कुठे करायची हेही ठरवावं. वरून भुरभुरायचे काप, सॅलडमधले अक्रोड, ग्रॅनोला, कुकीजमधले तुकडे: यांत मूठभर इकडेतिकडे झाले तर कोणाला पत्ताही लागत नाही. पण जिथे मैदा नाही आणि बदामाची पूडच केकला आधार देते, किंवा अंड्याच्या पांढऱ्यात पूड मिसळायची असते, तिथे वीस ग्रॅमने पदार्थ बसतो. तशी रेसिपी कपात दिलेली असेल आणि पूड कशी भरली होती ते लिहिलेलं नसेल, तर मी कपाला ९५ ग्रॅम धरून सुरुवात करतो, मिश्रण फार सैल वाटलं तर चमचा-दोन चमचे पूड वाढवतो. वाढवता येते. घातलेली पूड मिश्रणातून परत काढता येत नाही.